झाकणावरची खळी

१२ ऑक्टोबर १९८६, खंडेनवमी

जावईबापू निपाणीला तंबाखूच्या वखारीत कामाला आहेत. तिथनं त्यास्नी दरवर्षी डायरी मिळते. यंदाची लेकीनं मला पाठवून दिली, वर तंबाखूचं पान छापलेली. वर्ष संपत आल्यावर डायरी पाठवायची म्हणजे माझ्याच लेकीचा कारभार! असू दे. सातवीपर्यंत शिकलेय, अक्षर पण बरं आहे. आजपास्नं लिहिणार.

आज हत्यारांची पूजा. विळी, कोयता, ह्यांचे पाने-पकडी सगळं घासून पाटावर मांडलं. शिलाई मशीनला हळदकुंकू लावलं, स्कूटरला हार घातला. मग राहिलं ते थोरलं.

थोरलं म्हणजे विमान. डायरीला कुठलं ठाऊक असणार, म्हणून सांगते. आमचे हे विमानदलात फिटर होते. सगळी नोकरी इंजनं उघडण्यात आणि परत बसवण्यात गेली. बेंगळूरला असताना क्लबात जाऊन उडवायला पण शिकले. रिटायर झाल्यावर माणसं देवळात जातात, पत्ते कुटतात. हे विमान बांधायला बसले! अनगोळच्या आमच्या घरामागं पत्र्याचं शेड घातलं, लाकडाच्या फासळ्या केल्या, वर कापड ताणून रंग दिला. एका माणसापुरतंच आहे. इंजन गोव्यातल्या एका जुन्या जर्मन मोटारीचं. लोंढ्यापर्यंत रेल्वेनं आलं आणि तिथनं तांदळाच्या ट्रकातनं. गल्लीत सगळी म्हणतात, रवळूचं इमान. मी म्हणते, माझी सवत.

पण सणाच्या दिवशी सवतीला तरी उपाशी कसं ठेवायचं? हळदकुंकवाचं ताट घेऊन गेले तर हे आडवे.

"अगं, रंगावर डाग पडतोय."

"स्कूटरच्या रंगावर पडत न्हाई वाटतं?"

"हे विमान आहे, अंजना."

"असू दे की. देवाच्या पण डोक्यावर कुंकू असतंय."

मी जागा शोधली. नाकाडावर, बसायच्या जागेच्या पुढं, पेट्रोलच्या टाकीचं पितळी झाकण आहे. ह्यांनी आणि नागोजीनं लेथवर केलेलं. नागोजी म्हणजे ह्यांचा दोस्त, उद्यमबागेत त्याचा लेथ आहे. झाकण गोल, चकचकीत, अगदी कपाळासारखं. आणि बरोब्बर मधोमध एक बारीक खळी, कुंकवासाठीच केल्यासारखी! विमानाच्या पुढच्या पंख्याच्या वाऱ्यानं उडू नये म्हणून आधी करंड्यातलं मेण बोटानं दाबून बसवलं, आणि वर कुंकू. लई शोभलं. सवत असली तरी देखणी आहे.

सांजचं विमान खांबाला बांधून इंजन चालवलं. आवाज असला की शेजारची म्हस दावं तोडून पळाली. पण थोड्या वेळानं खोकल्यासारखं केलं आणि बंद. पेट्रोल आहे काय बघायला ह्यांनी झाकण फिरवून काढलं, तसा सुस्स करून आवाज आला, कुणी सुस्कारा सोडल्यासारखा. पेट्रोल भरपूर होतं. झाकण लावलं, चालू केलं, झ्याक चाललं आणि परत बंद. "कचरा आला असंल," म्हणाले. मग रोजच्यासारखं विमानाचं सगळं अंग पेट्रोलच्या फडक्यानं पुसून काढलं. विमानदलातली सवय. माझं कुंकू पण पुसलं गेलं.

२४ ऑक्टोबर

मी निपाणीहून आज आले. लेक बरी आहे. बिड्यांच्या वासानं अजून डोकं धरलंय.

नागोजी सांगत होता, मी न्हवते त्या दिवसांत इंजन दिवसभर चाललं, एकदा पण खोकलं न्हाई. "वैनी, तुम्ही बघायला पाहिजे होतं," म्हणाला. माझं नशीबच तसलं. कुंद्याची मिठाई सगळी वाटून संपल्यावर मी पोचते.

३ नोव्हेंबर, पाडवा

ह्यास्नी ओवाळलं आणि मग शेडात जाऊन विमानाला पण ओवाळलं. खळीत मेण, मेणावर कुंकू. ह्यांनी आता अडवायचं सोडलंय.

इंजन बंद पडलं. तसंच खोकून. झाकण काढलं की सुस्कारा, लावलं की थोडा वेळ चालतंय, मग बंद.

अक्काताई आल्यात सणाला, ह्यांची थोरली भैण, खानापूरच्या. ओसरीत बसून बघत होत्या. म्हणाल्या, "काल तर चाललं होतं की रं." आणि माझ्याकडं बघितलं.

ते बघणं मला चांगलं ठाऊक आहे. लग्न होऊन मी उंबरा ओलांडला आणि त्याच महिन्यात मामंजी गेले, शेतात साप चावून. तवापास्नं अक्काताईंच्या लेखी मी पांढऱ्या पायाची. आता माझे पाय काळेच आहेत, आमच्या म्हशीएवढे. पण त्यास्नी कोण सांगणार.

११ नोव्हेंबर

ह्यांनी कार्ब्युरेटर उघडून माझ्या परातीत मांडलाय. भाकरीचं पीठ कशात मळू? विचारलं तर म्हणतात, "जरा थांब की, ह्यातनंच पेट्रोल इंजनात जातंय." मग आज पेट्रोलच जेवू या म्हटलं.

एक जाळी बदलली. जुनीला दोरीनं चिठ्ठी बांधली. ह्यांची ही पण एक तऱ्हा. बिघडलेला भाग फेकत न्हाईत. काय बिघडलं, कशानं बिघडलं ते चिठ्ठीवर लिहून, बांधून, पत्र्याच्या ट्रंकेत टाकतात. मी म्हटलं, मला पण बांधा एक चिठ्ठी. म्हणाले, "तुझं कारण अजून कळालं न्हाई."

असं बोलतात आणि परत तोंड कार्ब्युरेटरात. माणसानं रागवावं तरी कसं?

१८ जानेवारी १९८७

डायरी डिसेंबरात संपली. म्हणून पहिल्यापास्नं कोरी राहिलेली पानं भरायलेय. जानेवारी ती जानेवारीच.

उडवायच्या परवानगीचा दिल्लीचा कागद आला. पंख काढून विमान ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतनं कडोलीला नेलं. तिथं ह्यांचा चुलतभाऊ भरमू भावजी, त्यांच्या शेताला लागून मोठा माळ आहे, नुसतं सपाट. नेण्याआधी पेंटर आला नाव लिहायला, तर मराठीत का कन्नडात ह्यावरनं त्याची आणि नागोजीची जुंपली. चहा गार झाला तरी दोघं भांडायलेत. शेवटी हे म्हणाले, नावच नको.

आज माळावर पळवून बघायचं होतं, उडवायचं न्हाई. गावात साहित्य संमेलन. भाषणं ऐकायला आलेली सगळी जनता मंडप सोडून माळावर आली. फेटे, टोप्या, शबनम पिशव्या, पोरंबाळं, चुरमुऱ्यांची गाडी पण. मी नवं लुगडं नेसले होते. सगळ्यांसमोर पुढं होऊन झाकणाला मेण आणि कुंकू लावलं. माझी छाती अशी फुगली होती! ती सगळी बघायलेत आणि ह्यांच्या विमानाला मी कुंकू लावायलेय.

विमान पळालं. शेपूट उचललं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. माळाच्या पार टोकाला जाऊन वळलं, परत यायला लागलं आणि मधोमध फुस्स. तिथंच उभं. पहिल्यांदा एक हसला, मग सगळी हसली. कुणीतरी ओरडलं, "रवळूअण्णा, बैल आणू काय?"

हे लांब होते, उतरून एकटेच झाकण उघडत होते. आणि अक्काताई माझ्या बाजूला उभ्या राहून मोठ्यानं म्हणाल्या, "ही आली की बंद पडतंय. मी कवापास्नं बघायलेय."

आजूबाजूच्या बायकांनी ऐकलं. एकीनं लेकराला जवळ ओढलं.

२० जानेवारी

दोन दिवस ह्याचाच विचार करायलेय. नवमीला मी होते, बंद पडलं. निपाणीला गेले, चाललं. पाडव्याला मी होते, बंद. मधी शेडात मी फिरकले न्हाई, तवा चाललं. कडोलीत मी, बंद.

अक्काताईंवर राग काढून काय उपयोग? त्या खोटं कुठं बोलल्या? इतकी वर्षं मी मनात म्हणत होते, साप काय माझ्या पायाला विचारून आला होता काय. पण आता तर समोर दिसायलंय.

हे एक दिवस त्यात बसून वर जाणार. वर गेल्यावर जर बंद पडलं तर? कुंकू लावणारी मी आणि कुंकू पुसायची वेळ पण माझ्यामुळंच यायची?

जाणार न्हाई. ह्यास्नी काय सांगायचं न्हाई, ऐकायचे न्हाईत. गुडघे दुखतात म्हणून सांगणार.

८ फेब्रुवारी

सगळी कडोलीला गेली. मी घरात. गुडघ्याला तेल लावून बसले, नाटक पूर्ण पाहिजे ना.

परत आले ते असे हसत की विचारू नका. इंजन एकदा पण थांबलं न्हाई. पळता पळता जमिनीवरनं हातभर उचललं आणि परत टेकवलं. "अंजना, तू पाहिजे होतीस," म्हणाले.

मी स्वयंपाकघरात जाऊन रडले. चाललं म्हणून आनंदानं रडले आणि मी न्हवते म्हणून चाललं ह्यासाठी पण रडले. कांदा चिरायला घेतला होता, बरं झालं.

१ मार्च

उडवायचा दिवस ठरला, गुढीपाडवा. त्याच्या आधी पुढच्या रविवारी झाडाच्या उंचीपर्यंत नेऊन लगेच खाली आणणार.

हे रोज विचारतात, गुडघा कसा आहे. वैद्याकडनं काढा आणला, पाला आणला. आज स्वतः बसून पाला बांधला. बांधताना म्हणाले, "तू आल्याशिवाय मला गोड लागत न्हाई." मी भिंतीकडं तोंड केलं. बरा असलेला गुडघा हे इतक्या मायेनं बांधायलेत, काय बोलू?

मी गेले न्हाई तरी चालंल. पण ज्या दिवशी माणूस पहिल्यांदा जमीन सोडणार त्या दिवशी कुंकवाशिवाय कसं सोडू? माझे पाय पांढरे असतील, माझं कुंकू न्हाई. ते अंबाबाईचं आहे. नागोजीला गुपचूप बोलावून छोट्या डबीत मेण आणि कुंकू दिलं. सांगितलं, मधल्या खळीत नीट दाबून बसव, वाऱ्यानं उडायला नको. "वैनी, तुमची आज्ञा," म्हणाला.

९ मार्च



काल हे विमान घेऊन वर गेले. झाडाच्या वर. आणि बंद पडलं. नागोजी म्हणतो, समोर जोंधळा उभा होता, त्यातच सरळ नेऊन टेकवलं, दुसरा असता तर वळायला जाऊन मेला असता. एक चाक वाकडं झालं. ह्यांच्या भुवईवर टाके पडले, डावं मनगट मुरगळलंय. विमान माळावरच ताडपत्रीखाली ठेवून सगळी डॉक्टरकडं पळाली.

दारात ह्यांना रक्ताच्या शर्टात बघितलं आणि मी खालीच बसले. हे मलाच धीर द्यायलेत, "अगं, रक्त कपाळाचं आहे, कपाळाला रक्त जास्त येतंय." आणि वर म्हणतात, "माझा गुडघा बरा आहे, तुझा कसा आहे?"

मी न्हवते तिथं. पण माझं कुंकू होतं. म्हणजे ते पण नडलं. देवीसमोर उभी राहून विचारलं, माझ्यात काय आहे गं असलं? हे सोडून द्या म्हणून ह्यांच्या पाया पडले. हे म्हणाले, "कारण कळाल्याशिवाय सोडू कसं?"

१५ मार्च

आज एक विचित्र दिवस गेला.

दुपारी जेवायला बसलो. खर्डा आणि भाकरी. खर्ड्यावर तेल पाहिजे म्हणून ह्यांनी उजव्या हातानं तेलाचा डबा वाकडा केला. दोन थेंब आलं आणि थांबलं. हलवला, परत दोन थेंब.

"भरलेला आहे की गं. तेल का येईना?"

मी तव्यापाशी होते. म्हटलं, "अहो, मागचं भोक बुजवलंय मी. मुंग्या जातात. आधी ते काढा की. वारं आत गेल्याशिवाय तेल भाईर कसं यील? एवढी इंजनं उघडलीत, डबा उघडता येईना?"

हे हलेनात. डब्याकडं बघतात. नखानं ते बुजवलेलं टोकरलं.

"कशानं बुजवलंस?"

"मेणानं. करंड्यातल्या."

माझ्या बोटाकडं बघितलं. मग माझ्या कपाळाकडं. किती वेळ बघितलं! मला वाटलं, कुंकू ओघळलंय काय. मग भाकरी तशीच टाकून उठले, नागोजीला हाक मारली आणि त्याच्या स्कूटरवर मागं बसून गेले. कडोलीला. दुखऱ्या हातानं. मी डबा उघडता येईना म्हटलेलं लागलं वाटतं म्हणून मला चुटपुट लागून राहिली.

दिवस मावळताना आले. बोटाचं टोक लाल. म्हटलं, परत लागलं काय? "न्हाई न्हाई," म्हणून धोतराला पुसलं. माझ्याजवळ चुलीपाशी बसले. डोळे पाणावलेले. मी म्हटलं, "खर्डा तिखट होता काय?" तर हसायला लागले. हसता हसता माझा हात धरला, घरात कुणी न्हवतं म्हणून बरं.

मग विचारलं, "संमेलनाच्या दिवशी अक्का काय म्हणाली तुला?"

आता हे ह्यास्नी कुणी सांगितलं? नागोजीच असणार. मी सांगितलं मग. सगळं सांगितलं, गुडघ्याचं पण. हे म्हणाले, "बिघाड माझा आहे. टाकीला पण वारं लागतंय, तुझ्या डब्यासारखं. त्यासाठी मी भोक ठेवलेलं, पण चुकीच्या जागी. ते बुजत होतं. आत वारं न्हाई, म्हणून पेट्रोल येईना. झाकण उघडलं की सुस्स करत होतं ते वारं आत जात होतं."

"कशानं बुजत होतं?"

चुलीतलं लाकूड आत सारलं. "धुळीनं," म्हणाले.

"मग माझ्यामुळं न्हाई?"

"खुळी काय तू? विमानाला काय ठाऊक, कोण आलंय आणि कोण न्हाई."

२४ मार्च

विमान ट्रॉलीतनं परत शेडात आणलं, वाकडं चाक सरळ केलं, टाकी खाली उतरवली. आख्खी! नागोजीच्या लेथवर नवीन झाकण केलं. टाकीच्या वरच्या अंगाला एक बारीक नळी डाख देऊन जोडली आणि ती भाईर काढून पुढं वाकवली, वाऱ्याकडं तोंड करून. म्हणजे विमान पळालं की वारं आपोआप आत शिरतंय. मला शेडात बसवून सगळं नीट समजावून सांगितलं, इंजन चालवून दाखवलं. मी बाजूला उभी होते. चाललं! लई वेळ चाललं. मी भीत भीत पंखाला हात लावला, तरी चाललं.

नागोजी चहा पिताना म्हणाला, "वैनी, एका टिकलीपायी अण्णानं टाकी उतरवायला लावली बघा." हे त्याच्यावर असे खेकसले! "नागोजी, गप चहा पी." टिकली म्हणजे टाकीला लावायची कसली तरी चकती असंल. मला ह्यांच्या कामातले शब्द कळत न्हाईत.

मी म्हटलं, मी येईन बघायला, पण लांब उभी राहीन. कुंकू अक्काताई लावू देत.

हे म्हणाले, "तू लावल्याशिवाय मी त्यात बसणार न्हाई. आणि सगळ्यांसमोर लावायचं."

३० मार्च, गुढीपाडवा

विमान कालच ट्रॉलीतनं नेलं होतं. गुढी उभी केली आणि निघालो. कडोलीत माळावर सगळं गाव. अक्काताई पण आल्या होत्या, भावाचा जीव आहे, येणारच. मला ताट घेऊन पुढं येताना बघून त्यांनी ह्यांचा हात धरला. "रवळू, आजचा दिवस तरी ऐक. तिला लांब ठेव. मागं काय झालं ते इसरलास?"

हे सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले. "अक्का, मागं बिघडलं ते माझ्या हातनं बिघडलं. भोक मी चुकीच्या जागी पाडलेलं. कारण सापडलं, दुरुस्त केलं. आता हिनं कुंकू लावल्याशिवाय हे विमान उडणार न्हाई."

मी पुढं गेले. नवीन झाकण एकदम गुळगुळीत, मधली खळीच न्हाई! म्हटलं, "अहो, ह्यावर कुंकू बसणार कसं?"

"भरपूर मेण लाव. पाहिजे तेवढं लाव. थापून लाव."

रंगावर डाग पडतो म्हणणारा हाच माणूस! मी थापून लावलं. अक्काताईंकडं बघता बघता टिळा वाकडा झाला. पुसून परत लावायला गेले तर म्हणाले, "असू दे, छान आहे." टोपी घातली, चढून बसले, आणि माझ्याकडं बघून भुवईवरच्या टाक्यांच्या खुणेवर बोट ठेवून हसले.

मग पळालं. मी डोळे मिटले. कान कसे मिटणार? आवाज चाललाय, चाललाय, लांब जायलाय. "वैनी, बघा की!" नागोजी ओरडला. बघितलं तर वर. जोंधळ्याच्या वर, झाडांच्या वर, गावाच्या वर. मी मनात म्हणत होते, आता खोकणार, आता खोकणार. देवा, न्यायचं तर मला ने. न्हाई खोकलं. माळाला वळसा घातला, परत एक घातला, आमच्या डोक्यावरनं गेले तवा पंख हलवले. माझ्या गळ्यातनं काय आवाज निघाला मलाच ठाऊक न्हाई. शेजारची बाई म्हणाली, मी हसत होते.

उतरले तवा आधी माझ्याकडं आले. लोक खांद्यावर घ्यायला धावायलेत, हे त्यास्नी बाजूला सारून मला हाताला धरून विमानापाशी घेऊन गेले आणि झाकण दाखवलं. माझा वाकडा टिळा तसाच्या तसा होता. "बघ," म्हणाले. बस्स एवढंच.

अक्काताई आल्या. काय बोलतील म्हणून मी मान खाली घातली. त्यांनी ताटातलं कुंकू घेतलं आणि माझ्या कपाळाला लावलं. "घाम आलाय तुला, ओघळलंय सगळं," म्हणाल्या. रडत होत्या, पण तसं कबूल करतील तर त्या अक्काताई कसल्या.

२६ एप्रिल

बरेच दिवस लिहिलं न्हाई. दर रविवारी उडायलेत. मी जाते, टिळा लावते, आता डोळे मिटत न्हाई.

आज ह्यांच्या शर्टाचं बटण तुटलं. जाड सुई सापडेना. ह्यांच्या ट्रंकेत शिवायच्या सुया असतात, पंखाचं कापड शिवायच्या, म्हणून उघडली. वर सगळे बिघडलेले भाग, एकेकाला चिठ्ठी. जाळी घाणीनं भरली. वायसर झिजला. खाली तळाला ह्यांच्या वर्दीच्या घडीत, मऊ पांढऱ्या फडक्यात काहीतरी गुंडाळलेलं. जुनं झाकण. ते माळावर ताडपत्रीखाली राहिलं होतं तसंच, पुसलेलं न्हवतं. ह्यांनी आणि न पुसता ठेवलंय! त्याला चिठ्ठी न्हवती.

खळी लाल होती. पहिल्यांदा वाटलं, गंज. मग वाटलं, पितळाला कसला लाल गंज? नखानं टोकरलं. मेण आलं. मेणाला कुंकू. वास तर माझ्या करंड्याचाच. झाकण उलटं करून बघितलं, ती खळी न्हवतीच, आरपार भोक होतं.

तिथंच ट्रंकेला टेकून बसले. वर गेले होते हे, झाडाच्या वर, माझं मेण घेऊन. दाबून बसव म्हणून मीच सांगितलेलं. आणि ह्या माणसानं हे बघितलं, बोट लाल करून घेतलं, घरी आला आणि मला सांगितलं, धूळ. माझा बिघाड म्हणून सगळ्या गावासमोर सांगितलं. खरं बोलले असते तर अक्काताई आणि गल्ली सोडा, मीच मला कधी परत कुंकू लावू दिलं नसतं. म्हणून आख्खी टाकी उतरवली, मेण पाहिजे तेवढं थाप म्हणाले. असलं माणूस मला मिळालंय आणि मी त्याच्या विमानाला सवत म्हणते.

पोटभर रडले. मग मेण खळीत होतं तसं परत दाबून बसवलं, फडक्यात गुंडाळलं, वर्दीच्या घडीत ठेवलं.

उठते तर हे दारात.

"काय शोधायलीस?"

"सुई."

माझ्या तोंडाकडं बघितलं, ट्रंकेकडं बघितलं. "सापडली काय?"

"सापडली," म्हटलं. आणि बटण लावायला बसले.